पाच वर्षं नळ, पाच वर्षं नगरसेवक

हरले, जिंकले, हरले, जिंकले. बाबांच्या चार निवडणुकांचा निकाल हा असा, झोक्यासारखा. आणि आता पाचवी तोंडावर आली होती. या खेपेला काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको होता, बालवाडीतलं पोरसुद्धा पुरे होतं.

बाबा मुळात प्लंबर. हाडाचे प्लंबर. कुणाच्याही घरी गेले की पाणी नको, चहा नको, आधी कान भिंतीला. "आत कुठंतरी रडतंय," म्हणायचे, आणि खरंच, तिथं फोडलं की पाइप ओला निघायचा. त्यांच्या मुलीचं शाळेतलं नाव चांगलं चार अक्षरी होतं, पण जन्मली तेव्हा ती इतकी गोल आणि इतकीशी होती की बाबांनी नळातल्या रबरी चकतीवरून तिचं नाव वायसर ठेवून टाकलं. "दिसायला एवढासा असतो," ते सगळ्यांना सांगायचे, "पण नसला ना, की अख्खं घर गळतं." शाळेत पोरं चिडवायची. दहावीत आल्यावर वायसरने ठरवलं, की आता आपण चिडायचं नाही. ज्याने चिडवलं त्यालाच विचारायचं, "तुझ्या घरचा नळ गळतो का रे?" गळायचाच. मग तो गप्प.

पहिल्या निवडणुकीत बाबा उभे राहिले तेव्हा वायसर नव्हती. त्यांचं डिपॉझिट जप्त झालं. दुसरीत ती आईच्या पोटात होती आणि बाबा दणक्यात आले. तिसरीत पडले. त्या वेळी चिन्हांच्या सोडतीत बाबांना छत्री मिळाली होती आणि नळ हे चिन्ह नेमकं विरोधी उमेदवाराला. आई अजून त्या सोडतीच्या नावाने बोटं मोडायची. चौथीत पुन्हा आले, तेही छत्रीवरच.

विरोधी उमेदवार म्हणजे भाषणकाका. त्यांचं फर्निचरचं मोठं दुकान होतं आणि तोंड त्याहून मोठं. माणूस वाईट मुळीच नव्हता. फक्त "दोन शब्द बोलतो" म्हणून उठले की लोक घड्याळ बघायचे नाहीत, कॅलेंडर बघायचे. ते निवडून आले की पाच वर्षं प्रभागात नुसत्या फिती कापल्या जायच्या. बाबा निवडून आले की कामं व्हायची, पण अर्धीच, कारण उरलेल्या अर्ध्याच्या आधी पुढची निवडणूक यायची.

या अर्ध्या कामांचा राजा म्हणजे पोहण्याचा तलाव. बाबांच्या पहिल्या खेपेत तो खणला. भाषणकाकांच्या खेपेत त्यात पावसाचं पाणी साचलं आणि बेडूक राहायला आले. बाबांच्या दुसऱ्या खेपेत बेडूक गेले, निळ्या फरशा बसल्या, कपडे बदलायच्या खोल्या झाल्या. आता राहिली होती ती पाणी फिरवणारी यंत्रं आणि जमिनीखालची मोठी पाइपलाइन. वर्षभराचं काम. आणि निवडणूक होती दोन महिन्यांवर.

वायसर त्या कोरड्या तलावात स्केटिंग शिकली होती, सायकल शिकली होती, मैत्रिणीशी कट्टी आणि बट्टीसुद्धा तिथंच केली होती. फक्त पोहायला शिकली नव्हती.

"बाबा पुन्हा निवडून येईपर्यंत मी वीस-एकवीस वर्षांची घोडी होणार," ती आईला म्हणाली. "मला ह्या वेळी बाबा सलग हवेत. लागोपाठ. पाठोपाठ."

"तीनदा सांगून मतं वाढत नाहीत," आई म्हणाली. आईचं नळाच्या सामानाचं दुकान होतं. ती एकीकडे पितळी कॉक पुसत होती. "आणि लोकांचं काही सांगता येत नाही बाई. एकदा ऊन, एकदा सावली. चालायचंच."

"पण का चालायचंच?"

ह्या "का"चं उत्तर प्रत्येकाकडे वेगळं होतं. बाबांना वाटायचं, आपलं भाषण कमी पडतं. आईला वाटायचं, चिन्ह. शेजारच्या झेरॉक्सवाल्या मावशी दर खेपेला बाबांच्या वतीने मतमोजणीला बसायच्या. त्यांना वाटायचं, दृष्ट लागते.

मग वायसरने स्वतःच जायचं ठरवलं. बाबांनी पाच वर्षांत काय काय केलं याचं एकपानी पत्रक छापून आलं होतं. शनिवारी शाळा सुटल्यावर ती ते घेऊन घरोघर निघाली. पहिल्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर गणिताच्या बाई राहायच्या. निवृत्त झाल्या होत्या, पण नजर अजून वर्गातली.

"ये ये, वायसर! किती उंच झालीस! पत्रक ना? ठेव तिथं. तुझे बाबा म्हणजे देवमाणूस. रस्ता काय केलाय, दिवे काय लावलेत. वा!"

"मग बाई, मत बाबांनाच ना?"

बाई चष्मा पुसायला लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

"हे बघ, त्यांना सांग, निकाल लागला ना, की दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं आमच्याकडे या. स्वयंपाकघरातला नळ चार वर्षं ठिबकतोय. खाली बादली, बादलीत फडकं, म्हणजे आवाज नको. झोप येत नाही गं."

वायसरला आधी काही कळलंच नाही. ती खालच्या मजल्यावर गेली. तिथल्या काकूंनीही बाबांचं तोंडभरून कौतुक केलं आणि वर म्हणाल्या, "निकालानंतर लगेच येतील ना? फ्लशची टाकी भरतच नाही बघ." त्याच्या खाली राहणाऱ्या आजोबांनी तर तिला हाताला धरून न्हाणीघरात नेलं. शॉवरला दोरी बांधली होती, दोरीला प्लास्टिकची पिशवी. "पाच वर्षं सांभाळलाय," ते अभिमानाने म्हणाले. "बाहेरचा प्लंबर आणला होता एकदा. एक गळती बंद केली आणि दोन चालू करून गेला. मग म्हटलं, थांबू या. पाच वर्षं काय, अशी जातात."

कळस झाला तो भाषणकाकांच्या घरी. ती खरं तर तिथं जाणार नव्हती, पण काकाच दारात उभे होते. "ये बेटा! लोकशाहीत पत्रक सगळ्यांना!" पत्रक घेऊन त्यांनी आवाज खाली आणला. आयुष्यात पहिल्यांदा असेल. "बाबांना म्हणावं, मी निवडून आलो की आधी आमचा गीझर. बायको तीन हिवाळे थंड पाण्याने आंघोळ करतीये. मी निवडणूक कशाला लढतोय असं वाटतं तुला?"

वायसर जिन्यातच बसली. हसू की रडू कळेना, म्हणून ती दोन्ही थोडं थोडं करून घरी पळाली.

"बाबा! लोक तुम्हाला पाडतात ते तुम्ही आवडत नाही म्हणून नाही! तुम्ही फार आवडता म्हणून!"

बाबा जेवत होते. घास हातातच राहिला.

"अहो, तुम्ही नगरसेवक असता तेव्हा नळाला हात लावत नाही ना? म्हणून! पाच वर्षांत सगळ्यांचं गळायला लागतं, मग ते तुम्हाला पाडतात. तुम्ही सगळ्यांचे नळ दुरुस्त करता, मग रस्ते खराब झालेले असतात, मग तुम्हाला निवडून देतात! झालं! हेच!"

आईने कपाळाला हात लावला. "आणि मी त्या सोडतवाल्याला शिव्या घालतीये दहा वर्षं."

बाबांचा तो नियमच होता. निवडून आले की हत्यारांची पिशवी खिळ्याला. "मतदाराचा नळ दुरुस्त करून पैसे घेतले तर लाच," ते म्हणायचे, "आणि फुकट केला तर आमिष. नगरसेवकाने पान्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही." पालिकेत असा काही नियम नव्हता. तो बाबांनी आपला आपणच केला होता आणि म्हणूनच तो मोडणं अशक्य होतं.

"मग तुम्ही नका लावू हात," वायसर म्हणाली. "मी लावते."

"तू शाळेत जायचंस."

"आई लावेल."

"मी दुकान कधी बघू? आणि एवढ्या घरांना मी एकटी पुरणार का?"

 नाही ऐकून थांबणं वायसरच्या स्वभावात नव्हतं. "मग त्यांनाच शिकवू या! ज्याचा नळ त्याचा हात! ठिबकणारा नळ म्हणजे काय रॉकेट आहे का? मला दहाव्या वर्षी येत होतं."

 आईने हातातला कॉक खाली ठेवला. "जागा?"

"तलाव!"

आचारसंहिता लागायच्या आधीच्या रविवारी सकाळी कोरड्या तलावात नळांचा वर्ग भरला. आमिषाचं बालंट नको म्हणून दुकानाच्या दारावर पाटी लागली, "सर्वांना प्रवेश, सर्व उमेदवारांना विशेष प्रवेश." तलावाच्या काठावर पाण्याचं पिंप, पिंपातून खाली उतरलेला पाइप, आणि निळ्या भिंतीला लागून पाइपवर ओळीने बसवलेले आठ जुने नळ. आईने दुकानातले पाने, पकडी काढून ठेवल्या होत्या. बाबांनी मी येणार नाही असं निक्षून सांगितलं होतं.

पंधरा-वीस माणसं येतील असं आईला वाटलं होतं. तलाव भरला. माणसांनी का होईना, पण त्या तलावाचा तळ दिसेना, असं पहिल्यांदाच झालं. म्हातारे उथळ बाजूला खुर्च्या टाकून, पोरं उतारावर, आणि भाषणकाका बायकोसकट पुढच्या रांगेत.

वायसर उलट्या बादलीवर उभी राहिली. मागच्या वर्षीपर्यंत वर्गात उत्तर येत असूनही ती हात वर करत नसे. आज तिने तोंड उघडलं आणि फरशांवर आपटून तिचा आवाज चौपट होऊन परत आला. तिला तो भयंकर आवडला.

"नळ गळायला लागला की आधी काय करायचं?"

"तुझ्या बाबांना बोलवायचं!" उथळ बाजूने आजोबा ओरडले. हशा.

"आजोबा, बाकावर उभं करीन हां! आधी मुख्य कॉक बंद करायचा. काय बंद करायचा?"

"कॉक!"

"आणि कॉक बंद न करता नळ उघडला तर?"

याचं उत्तर गणिताच्या बाईंनी प्रात्यक्षिकासह दिलं. त्यांनी सगळं काही बरोबर केलं होतं, पाना बरोबर धरला होता, कोनही बरोबर होता, फक्त ती पहिली पायरी राहिली. नळाचं डोकं उडालं, पाण्याचा फवारा थेट भाषणकाकांच्या इस्त्रीच्या शर्टावर, आणि सगळा तलाव टाळ्या पिटायला लागला. "भरला! भरला!" पोरं नाचली. बाई नखशिखांत भिजल्या होत्या आणि शाळा सोडल्यापासून इतक्या हसल्या नव्हत्या.

"आजोबा, पाना उलटा धरलाय! उलटा! अहो डावीकडे!"

सगळ्यांनी वर पाहिलं. कपडे बदलायच्या खोलीच्या भिंतीआडून बाबांचं डोकं बाहेर आलं होतं. पुढच्या क्षणी ते आत गेलं.

"तो नगरसेवक नव्हता हो," आई गंभीरपणे म्हणाली. "तो वारा होता."

दुपारपर्यंत प्रत्येकाने जुना वायसर काढून नवा बसवला होता. दुकानातला मालही संपला. भाषणकाका तर नळ उघडत, बंद करत, पुन्हा उघडत, "बघ गं, बघ, थेंब नाही!" असं बायकोला दहादा दाखवत होते. पुढच्या आठवड्यात घरोघरच्या बादल्या नळाखालून निघाल्या. मोठी कामंही लोक चौघं मिळून करायला लागले. आजोबांच्या शॉवरची दोरी सुटली. काकांचा गीझर आईने स्वतः जाऊन, पैसे घेऊन, पावती देऊन दुरुस्त केला.

वायसर हवेत होती. बाबा मात्र दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. मतदानाच्या आदल्या संध्याकाळी ते दुकानाच्या पायरीवर बसले होते. तीही शेजारी जाऊन बसली.

"काय झालं बाबा? आता तुम्ही येणार ना!"

"येईन. किंवा नाही येणार." बाबा हाताच्या घट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. "वायसर, आजवर पडलो ना, तरी झोप लागायची. वाटायचं, ठीक आहे, उद्या सकाळी पिशवी काढू, आठ घरं वाट बघतायत. ह्या वेळी पडलो तर खुर्ची गेली आणि नळही गेले. वाट कोण बघणार?"

 हा विचार वायसरच्या डोक्यात आलाच नव्हता. एवढी मोठी योजना, एवढा मोठा आवाज, आणि ज्याच्यासाठी केलं त्याच्याच पायाखालची फळी आपण काढून ठेवली. "बाबा, मी... मला..."

"अगं, रडतेस काय?" बाबांनी तिच्या डोक्यावर टपली मारली. "चांगलं केलंस तू. गणिताच्या बाई परवा भेटल्या, म्हणाल्या, रात्री झोप लागते. माझी गेली आणि त्यांची आली, एवढंच."

आतून आईचा आवाज आला. "कुणी कुणाची झोप घालवायची नाही! जिंका म्हणजे झालं!"

मोजणी पालिकेच्या सभागृहात होती. मुलांना आत सोडत नव्हते. बाबा अशा वेळी कधीच तिथं जायचे नाहीत, दुकानात बसायचे. वायसर मात्र फाटकाच्या लोखंडी गजांमध्ये नाक खुपसून उभी होती, शेजारी आई. झेरॉक्सवाल्या मावशी आत होत्या. प्रत्येक फेरी संपली की त्या खिडकीत यायच्या. त्यांना ओरडायची परवानगी नव्हती, म्हणून अंगठा दाखवायच्या.

पहिल्या फेरीला अंगठा खाली. दुसऱ्या फेरीला खाली, आणि वर तोंडही पाडलेलं. भाषणकाकांच्या माणसांनी फाटकाबाहेर हार आणून ठेवला.

"आई, मी काय केलं गं हे?"

"शिकवलंस," आई म्हणाली. तिने वायसरचा हात इतका घट्ट धरला होता, जसा पाइप पकडीत धरतात. "अजून आपल्या गल्लीच्या पेट्या उघडायच्यात. दम धर."

तिसऱ्या फेरीला अंगठा आडवा. म्हणजे काय? आडवा म्हणजे काय? फाटकावरचे सगळे एकमेकांना विचारू लागले. "बरोबरीत!" कुणीतरी म्हणालं. "मावशी दमल्या असतील," दुसरं कुणी म्हणालं. मग शेवटची फेरी. किती वेळ लागला देव जाणे, वायसरला वाटलं आपली दहावी झाली, बारावी झाली, केस पांढरे झाले. खिडकीत मावशी आल्या. अंगठा नाहीच. त्यांनी दोन्ही हात वर केले, मग पदर फडकवला, मग परवानगी-बिरवानगी विसरून अशा किंचाळल्या की आतला अधिकारी खुर्चीतून उठला.

"आले! एकोणीस मतांनी! सलग आले!"

वायसरने आईला मिठी मारली, फाटकाला मिठी मारली, फाटकावरच्या शिपायालाही मारणार होती, पण तो मागे सरकला. मग ती धावत सुटली. आई मागून "अगं चप्पल! चप्पल राहिली!" म्हणत होती. एका पायात चप्पल घालून दुकानापर्यंत पळता येतं, हे तिला त्या दिवशी कळलं.

"बाबा! एकोणीस!"

बाबा स्टुलावरून उठले, बसले, पुन्हा उठले. "एकोणीसने पडलो?"

"आलात! आलात हो!"

तोवर मागून सगळी गल्लीच आली. आजोबांनी ताट बडवायला घेतलं. भाषणकाका आपला हार घेऊन आले आणि त्यांनी तो बाबांच्या गळ्यात घातला. "वाया का घालवायचा? आणि दोन शब्द बोलतो..." "नको!" सगळे एकदम ओरडले. काकाही हसले.

बाबा पायरीवर उभे राहिले. हार नाकापर्यंत आला होता. त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि जुन्या सवयीने विचारलं, "कुणाचं काही गळतंय का?"

 गणिताच्या बाईंनी नाही म्हणून मान हलवली. काकूंनी मान हलवली. कुणाचंच काही गळत नव्हतं. बाबांचा चेहरा एवढासा झाला. ते पाहून वायसर गर्दीतून पायरीपर्यंत पुढे घुसली.

मग आजोबांनी ताट खाली घेतलं. "गळत काही नाही, पण आमच्या बोळातला दिवा दोन महिने बंद आहे. ते तुमचंच काम ना?"

"आणि शाळेपुढचा तो खड्डा," गणिताच्या बाई म्हणाल्या. "त्याचं क्षेत्रफळ काढलंय मी."

"कचऱ्याची गाडी आमच्याकडे येतच नाही!"

"बसथांब्याला छप्पर!"

"अहो, आणि बागेतला झोका!"

बाबांच्या डोळ्यांत असं काही पेटलं, की बोळातला दिवा त्यापुढे काहीच नाही. त्यांनी हार काढून आईकडे दिला आणि बाह्या सरसावल्या. "एकेक! एकेक बोला! रांग लावा बघू! काका, तुम्हीसुद्धा? बरं, या."

"बाबा, तलाव!" वायसर पायरीखालून ओरडली. "तलाव कधी भरणार?"

"रांगेत या, बाई," नगरसेवक म्हणाले.

मग ती गेली. एका पायात चप्पल, एक पाय उघडा, भाषणकाकांच्या मागे जाऊन उभी राहिली, आणि तिच्या पुढे अख्खी गल्ली होती.